अंतराळातलं रेडिएशन: नुसती मोजदाद नको, कणाची ओळख हवी

गायगर काउंटर, म्हणजे रेडिएशन मोजायचं साधं यंत्र, किती कण आले ते सांगतो, कोणते आले ते सांगत नाही. जमिनीवर बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत कास्टिंगची रेडिओग्राफी झाली आणि इरिडियमचा स्रोत पुन्हा आपल्या डब्यात गेला का, एवढंच बघायचं असेल तर काउंटर पुरे, कारण तिथे जे काही येतंय ते गॅमाच. अंतराळात सगळी सरमिसळ असते. आकाशगंगेतून येणाऱ्या वैश्विक किरणांत ८५ ते ९० टक्के प्रोटॉन, दहा-बारा टक्के हेलियम आणि जेमतेम एक टक्का त्याहून जड केंद्रकं. कण पदार्थातून जाताना किती ऊर्जा सांडतो, हे त्याच्या विद्युतभाराच्या वर्गावर ठरतं. लोखंडाच्या केंद्रकाचा भार २६, म्हणून ते त्याच वेगाच्या प्रोटॉनच्या ६७६ पट ऊर्जा सांडतं. काउंटरच्या वहीत मात्र दोघांची नोंद एकेक. अंतराळवीराच्या पेशीला किंवा उपग्रहातल्या मेमरी चिपला हा हिशेब अजिबात मान्य नसतो.

सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या मेडिपिक्स गटाने २००६ साली टाइमपिक्स नावाची चिप केली, आणि तिच्यामुळे हा प्रश्न बराच सुटला. वरच्या बाजूला सिलिकॉनची ३०० किंवा ५०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची पट्टी, हा सेन्सर. त्याखाली इलेक्ट्रॉनिक्सची चिप. दोघांच्या मध्ये प्रत्येक पिक्सेलमागे सोल्डरचा एक बारीक थेंब. पिक्सेल २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६. प्रत्येक पिक्सेल ५५ मायक्रॉनचा, त्यामुळे सगळी चिप १४ मिलिमीटरच्या चौकोनात बसते. क्षेत्रफळ जवळपास २ चौरस सेंटिमीटर. यूएसबीला जोडायच्या एका छोट्या डबीत सगळं मावतं.

विद्युतभार असलेला कण सिलिकॉनमधून गेला की वाटेत इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्याची रिकामी जागा) अशा जोड्या सुटतात. एका जोडीला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे ३.६ केइव्ही (केइव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा सांडली की हजार जोड्या. सेन्सरवर शंभर-दोनशे व्होल्टचा बायस, म्हणजे कायमचा विद्युतदाब, लावलेला असतो. तो हा चार्ज नॅनोसेकंदांच्या हिशेबात खाली खेचतो. पिक्सेलखालच्या अॅम्प्लिफायरमध्ये विजेचा स्पंद चढतो आणि ठरावीक उताराने उतरतो. तो थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान पातळीच्या, वर जितका वेळ राहिला तितके घड्याळाचे ठोके मोजायचे. चार्ज जास्त तर स्पंद उंच, उंच स्पंदाला उतरायला वेळ जास्त, म्हणून ठोकेही जास्त. ही झाली ऊर्जा. थ्रेशोल्ड साधारण ३ ते ५ केइव्हीवर ठेवतात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा नॉइज त्याखाली राहतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये असतो तसा फिकट करडा पडदा इथे नसतो. जिथून कण गेला नाही तो पिक्सेल शून्यच दाखवतो, आणि एकच कण आला तरी तो स्वच्छ उठून दिसतो.

आता खरी गंमत. पावसाळ्यात उसाच्या फडाकडे जाणाऱ्या चिखलवाटेवर चाकोरी बघून सांगता येतं, की इथून ट्रॅक्टर-ट्रॉली गेली की सायकल. कणांच्या खुणाही तशाच वाचतात. एक्स-रे किंवा कमी ऊर्जेचा गॅमा आला तर एक-दोन पिक्सेलचा ठिपका. इलेक्ट्रॉन हलका, अणूंच्या धक्क्याने कुठेही वळतो, म्हणून त्याची खूण वळवळत्या अळीसारखी. वेगवान प्रोटॉन किंवा म्युऑन (इलेक्ट्रॉनचाच जड भाऊबंद) सरळ, बारीक रेघ ओढतो. अल्फा कण (हेलियमचं केंद्रक) सिलिकॉनमध्ये २५-३० मायक्रॉनमध्येच थांबतो, पण तेवढ्यात पाच-साडेपाच एमइव्ही (एमइव्ही म्हणजे हजार केइव्ही) टाकून जातो. तो चार्ज बाजूला पसरतो आणि गोल डाग उमटतो. जड आयनची, म्हणजे लोखंडासारख्या जड केंद्रकाची, रेघ जाड असते, आणि त्याने उडवलेले इलेक्ट्रॉन तिच्या दोन्ही बाजूंना केसांसारखे बाहेर आलेले दिसतात. रेघ एका टोकाला जाड होत गेली आणि तिथेच संपली, तर कण सेन्सरमध्येच थांबला असं समजायचं, कारण वेग कमी होईल तसा तो जास्त ऊर्जा सांडतो. त्यावरून दिशाही कळते. कधी एकाच बिंदूतून तीन-चार रेघा फुटलेल्या दिसतात. तिथे कण सिलिकॉनच्या केंद्रकावर आदळून ते फुटलेलं असतं.

रेघेवरून आकडा

ओळख पटली तरी मोजमाप राहतंच. अंतराळातल्या रेडिएशनमध्ये सगळा भर एका आकड्यावर असतो: कणाने दर मायक्रॉनला किती केइव्ही सांडले. याला एलईटी म्हणतात. त्यासाठी सांडलेली ऊर्जा आणि कापलेलं अंतर, दोन्ही लागतं. ऊर्जा म्हणजे खुणेतल्या सगळ्या पिक्सेलची बेरीज. घोळ अंतराच्या ठिकाणी होतो.

उदाहरण घेऊ. सेन्सर ५०० मायक्रॉनचा. एक सरळ रेघ २० पिक्सेल लांब आहे आणि सगळ्या पिक्सेलची बेरीज ४५० केइव्ही भरते. सेन्सरच्या पृष्ठभागावरची लांबी २० गुणिले ५५, म्हणजे १,१०० मायक्रॉन. कण वरून शिरून खालून बाहेर पडला, म्हणून हा काटकोन त्रिकोण झाला: एक बाजू १,१००, दुसरी ५००. पायथागोरस लावला की खरी वाट १,२०८ मायक्रॉन. कण उभ्या रेषेपासून सुमारे ६६ अंश कलून आला. ४५० भागिले १,२०८, म्हणजे मायक्रॉनला ०.३७ केइव्ही. प्रकाशाच्या जवळच्या वेगाने जाणारा, एक भाराचा कण सिलिकॉनमध्ये सरासरी ०.३९ सांडतो, म्हणजे आकडा जागेवर बसला. हा म्युऑन किंवा वेगवान प्रोटॉन. कलण्याचा विचार न करता नुसत्या जाडीने, ५०० ने भागलं असतं तर ०.९ आलं असतं, खऱ्यापेक्षा जवळपास अडीच पट, आणि तो कण संथ प्रोटॉन म्हणून खपून गेला असता. पातळ सिलिकॉनच्या साध्या डायोडला कोन कळतच नाही, त्यामुळे तिथे ही चूक दुरुस्त करायची सोयच नाही. पिक्सेलचा निम्मा फायदा या एका त्रिकोणात आहे.

यात एक मेख आहे. कडेच्या पिक्सेलमध्ये शेजारचा चार्ज सांडतो, त्यामुळे रेघ दोन्ही टोकांना थोडी लांब दिसते. लांब रेघेत फरक पडत नाही. तीन-चार पिक्सेलच्या आखूड रेघेत कोन चांगलाच चुकतो. सरळ वरून येणाऱ्या कणांच्या कोनावर फार विसंबू नये.

हा आकडा सिलिकॉनचा. शरीर पाण्याच्या जवळचं. मायक्रॉनच्या हिशेबात पाण्यातलं प्रमाण सिलिकॉनच्या साधारण निम्मं भरतं, म्हणजे आपला कण पाण्यात मायक्रॉनला ०.१९ च्या आसपास. मग येतो गुणवत्ता घटक, म्हणजे त्याच मात्रेने (किलोग्रॅममागे शोषलेल्या ऊर्जेने) जीवपेशीला किती जास्त इजा होते त्याचा गुणक. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या १९९० च्या शिफारशीनुसार १० केइव्ही प्रति मायक्रॉनपर्यंत तो १, पुढे १०० पर्यंत वाढत वाढत ३० ला जातो, त्यानंतर पुन्हा उतरतो. केंद्रकातल्या दर प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे एक जीइव्ही (हजार एमइव्ही) ऊर्जा असलेल्या लोखंडाचा एलईटी पाण्यात सुमारे १५०, म्हणून त्याचा गुणक २४-२५. कणांचा एक टक्कादेखील नसलेला हा जड हिस्सा धोक्याच्या हिशेबात एवढा वर का येतो, ते इथे कळतं.

मात्रा काढणं त्यामानाने सोपं. सेन्सरचं वजन ०.२३ ग्रॅम. ४५० केइव्ही म्हणजे ७.२ गुणिले दहाचा उणे चौदावा घात इतके ज्यूल. त्याला किलोग्रॅममधल्या वजनाने भागलं की एका कणाची मात्रा ०.३ नॅनोग्रे (किलोग्रॅमला एक ज्यूल म्हणजे एक ग्रे). आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात दिवसाला ०.२ ते ०.३ मिलिग्रे जमते. कण एकेक करून, पण अखंड येत राहतात.

गुजरीतलं मशीन आणि चिपचं कॅलिब्रेशन

वर ४५० केइव्ही सहज लिहिलं, पण चिप केइव्ही सांगत नाही, ठोके सांगते. ठोक्यांचे केइव्ही करायला जे करावं लागतं ते कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, दागिना घेऊन गेलेल्या कोणीही पाहिलेलं आहे. दागिन्यावर एक्स-रे पाडतात, प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे एक्स-रे परत फेकतो: तांबं ८.०, सोनं ९.७ आणि ११.४, चांदी २२.१ केइव्ही. मशीन या ऊर्जा वाचून टंच सांगतं. चिपच्या कॅलिब्रेशनमध्ये हेच उलटं करायचं. धातू आपण निवडायचा, त्याचे एक्स-रे चिपवर पाडायचे, आणि ८.० केइव्हीला या पिक्सेलमध्ये किती ठोके पडले ते लिहून ठेवायचं. लोखंडाचा ६.४ पासून सुरुवात करतात, वरच्या टोकाला अमेरिशियम-२४१ चा ५९.५ केइव्हीचा गॅमा वापरतात. हा स्रोत ठेवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात. धातूच्या पट्ट्यांचं त्या बाबतीत बरं असतं, लायसन लागतं ते एक्स-रे ट्यूबला.

प्रत्येक पिक्सेलचा अॅम्प्लिफायर थोडा वेगळा असतो, म्हणून हे काम ६५,५३६ वेळा. थ्रेशोल्डच्या जवळ ठोके आणि ऊर्जेचं नातं वाकडं असतं, वर गेल्यावर सरळ रेषेत येतं. ही सगळी वक्ररेषा चार आकड्यांत बसते. म्हणजे एका चिपचे २,६२,१४४ आकडे. प्रत्येक पिक्सेलवर एका धातूचे तीनशे फोटॉन (एक्स-रेचे सुटे कण) हवेत म्हटलं तर चिपवर दोन कोटी फोटॉन पाडावे लागतात, आणि तेही फक्त ज्यांचा सगळा चार्ज एकाच पिक्सेलमध्ये पडला असे. दोन पिक्सेलमध्ये वाटला गेलेला फोटॉन इथे बाद. घाईत इथेच काटकसर केली जाते आणि पुढची सगळी मोजमापं डळमळीत होतात. या सगळ्याच्या आधी प्रत्येक पिक्सेलचा थ्रेशोल्ड एका पातळीवर आणून ठेवायचा असतो. त्यासाठी पिक्सेलमागे चार बिटांची सोय दिलेली आहे. तरीही काही पिक्सेल उगाच बडबडत राहतात, त्यांना सरळ बंद करून यादी ठेवायची.

एक्स-रेने ६० केइव्हीपर्यंत खात्री झाली. जड आयन मात्र एकाच पिक्सेलमध्ये एमइव्हीच्या पुढे टाकतो. तिथपर्यंत सरळ रेषा लांबवत नेणं धोक्याचं आहे. साधारण एक-दोन एमइव्हीच्या पुढे टाइमपिक्सचं इलेक्ट्रॉनिक्स हात टेकतं: खुणेच्या मधोमध, जिथे सगळ्यात जास्त चार्ज आहे, तिथेच आकडा खाली येतो. त्रिमितीत काढलं तर मध्ये खड्डा असलेला डोंगर दिसतो, म्हणून याला ज्वालामुखी परिणाम असं नाव पडलंय. बेरीज केली की ऊर्जा कमी भरते आणि लोखंड त्याहून हलकं भासतं. उपाय म्हणून बायस थोडा कमी करतात. चार्ज संथपणे उतरतो, वाटेत जास्त पसरतो, आणि एकेका पिक्सेलवरचा भार कमी होतो. पण बायस फारच उतरवला तर सेन्सरची पूर्ण जाडी कामाला येत नाही, आणि वरच्या त्रिकोणातला ५०० चा आकडाच खोटा ठरतो. म्हणून अंतराळात पाठवायची चिप ज्या बायसवर उडणार त्याच बायसवर आयनांच्या झोतात तपासलेली हवी. जपानमधल्या चिबा इथल्या हिमॅक प्रवेगकावर अशा चाचण्या झाल्या आहेत. नंतर आलेल्या टाइमपिक्स-२ मध्ये मोठ्या स्पंदाला अॅम्प्लिफायरने आपोआप गेन (स्पंद किती पट वाढवायचा ते प्रमाण) कमी करायची सोय आहे.

उपग्रहावर गेल्यावर

२०१२ साली अंतराळ स्थानकात टाइमपिक्सच्या यूएसबी डब्या लॅपटॉपला जोडून बसवल्या गेल्या. मे २०१३ मध्ये सुटलेल्या प्रोबा-व्ही या युरोपीय उपग्रहावर ८२० किलोमीटर उंचीवर सॅट्रॅम हे उपकरण गेलं. डिसेंबर २०१४ च्या ओरायन यानाच्या पहिल्या उड्डाणात आणि २०२२ च्या आर्टेमिस-१ मध्येही ही चिप होती. चेक प्रजासत्ताकाचा व्हीझेडएलयूसॅट-१ हा छोटा उपग्रह तर २३ जून २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्याच पीएसएलव्ही-सी३८ ने नेला. त्यातही टाइमपिक्स होती.

वर गेल्यावर पहिली अडचण गर्दीची. टाइमपिक्स फोटोसारख्या फ्रेम घेते: ठरावीक वेळ उघडी, मग वाचन. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दुबळं आहे, त्यामुळे तिथे रेडिएशनचा पट्टा खाली उतरतो. समजा तिथे चौरस सेंटिमीटरला सेकंदाला हजार कण येतायत. आपल्या चिपवर दोन हजार. एका खुणेत दहा पिक्सेल धरले तर एका सेकंदाच्या फ्रेममध्ये वीस हजार पिक्सेल पेटतात, जवळपास एक तृतीयांश. खुणा एकमेकींवर चढतात, दोन इलेक्ट्रॉनच्या अळ्या मिळून एक जाड रेघ दिसते आणि सॉफ्टवेअर तिला जड आयन ठरवतं. तीच फ्रेम २० मिलिसेकंदांची केली तर ४० खुणा, चारशे पिक्सेल, मोकळं मैदान. पण तीच वेळ शांत भागात ठेवली तर फ्रेमामागून फ्रेमा रिकाम्या. म्हणून वेळ बदलती ठेवावी लागते. सॅट्रॅम २० सेकंद, २०० मिलिसेकंद आणि २ मिलिसेकंद अशा तीन वेळा आलटून पालटून वापरत असे.

फ्रेम वाचताना चिप आंधळी असते. २० मिलिसेकंद उघडी आणि १०० मिलिसेकंद वाचन असेल तर ती एकूण वेळेच्या सहाव्या हिश्शातच बघते. हा गुणाकार विसरला की मात्रा सहापट कमी निघते. ही चूक दिसत नाही, कारण चित्रं अगदी सुरेख असतात. टाइमपिक्स-३ मध्ये फ्रेमची भानगड नाही. पिक्सेल पेटला की तो स्वतःच आपला पत्ता, ऊर्जा आणि १.५६ नॅनोसेकंदांच्या पायरीने वेळ पाठवून देतो. त्या बदल्यात वीज जास्त खाते.

मग डेटा खाली आणायचा. एका पूर्ण फ्रेममध्ये ६५,५३६ पिक्सेल गुणिले १४ बिट, म्हणजे नऊ लाख सतरा हजार बिट. छोट्या उपग्रहाचा रेडिओ ९,६०० बिट प्रति सेकंदाचा असेल तर एका फ्रेमला ९५ सेकंद. उपग्रह डोक्यावरून जायला दहा मिनिटं. सहा फ्रेमांत खेळ आटोपतो. त्याऐवजी फक्त पेटलेले पिक्सेल पाठवले, एकेकाला चार बाइट, तर दोनशे पिक्सेलची फ्रेम सेकंदाच्या आत उतरते. त्याहून पुढे जाऊन उपग्रहावरच खुणांची वर्गवारी करून नुसता तक्ता पाठवता येतो, पण मग शंका आली तर मूळ चित्र हातात नसतं. थोड्या फ्रेमा अखंड पाठवत राहणं हा शहाणपणाचा खर्च आहे.

तापमानाचं विसरून चालत नाही. ५०० किलोमीटरवर एक फेरी ९५ मिनिटांची, त्यात ऊनही आलं आणि सावलीही. सिलिकॉनमधली विजेची गळती तापमानाच्या दर सात-आठ अंशांना दुप्पट होते, थ्रेशोल्डही सरकतो. वर हवा नाही, त्यामुळे पंखा कामाचा नाही. चिपची उष्णता धातूच्या पट्टीवाटे उपग्रहाच्या सांगाड्यात उतरवावी लागते.

न्यूट्रॉन हा या चिपचा दुबळा कोपरा. त्याला भार नाही, म्हणून तो बहुधा दिसतच नाही. सेन्सरच्या काही भागावर लिथियम-६ असलेला थर आणि काही भागावर पॉलिथिन ठेवतात. संथ न्यूट्रॉन लिथियममधून अल्फा काढतो, वेगवान न्यूट्रॉन पॉलिथिनमधून प्रोटॉन उडवतो. उघड्या भागाशी तुलना करून फरक मोजायचा.

कोल्हापुरात टेबलावर

आपल्याकडे वैश्विक किरणांना चुंबकीय विषुववृत्त जवळ असल्यामुळे चांगलीच आडकाठी आहे. उटीला उभ्या दिशेने यायला प्रोटॉनला साधारण १७ जीव्ही (अब्ज व्होल्ट) इतकी कठीणता, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात न वळण्याची ताकद, ओलांडावी लागते, कोल्हापूरही त्याच पट्ट्यात. वातावरणात त्यांच्या टकरीतून तयार झालेले म्युऑन मात्र खाली पोचतात: आडव्या चौरस सेंटिमीटरला मिनिटाला एक. जमिनीतून येणाऱ्या गॅमामुळे उमटणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या अळ्या वेगळ्या. आपला काळा बेसॉल्ट युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब, त्यामुळे ग्रॅनाइटच्या प्रदेशापेक्षा त्या कमीच. जोराचा पाऊस पडला की अर्धा-पाऊण तास त्या वाढतात. हवेतल्या रेडॉनपासून झालेलं शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ पाण्याबरोबर जमिनीवर उतरतं, म्हणून. चिप बिघडली असं समजू नये. जुलैच्या दमटपणात बायस लावण्याआधी सिलिका जेलच्या डब्यात चिप कोरडी करावी, नाहीतर कडेने गळती वाढते आणि काठाचे पिक्सेल आधी बोंबलतात. सेन्सर प्रकाशालाही बघतो, झाकण घट्ट हवं. इंडक्शन भट्टीच्या लाइनवर लॅपटॉप चार्जिंगला लावून मोजू नये.

चिप आडवी ठेवून रात्रभर, बारा तास चालवावी. फक्त लांब, सरळ, बारीक रेघा मोजल्या तर १,४४० च्या आसपास म्युऑन यायला हवेत. आखूड रेघा वगळल्या जातात म्हणून आकडा त्याच्या खालीच राहील. दुसऱ्या रात्री चिप उभी करावी. म्युऑन वरून जास्त आणि बाजूने कमी येतात, त्यामुळे उभ्या चिपवर त्यांची एकूण संख्या साधारण निम्मी होते, पण रेघा लांबट होतात. इलेक्ट्रॉन सगळीकडून येतात, त्यांची संख्या फारशी हलत नाही. म्हणून निवडलेल्या रेघांवर दोन्ही रात्री कलानुसार किती वगळल्या गेल्या त्याची भरपाई करून गुणोत्तर काढावं. ते निम्म्याजवळ आलं नाही, पाऊण भरलं, तर वर्गवारीत अळ्यांचे सरळ तुकडे म्युऑन म्हणून शिरतायत. रेघेच्या सरळपणाची अट कडक करून तोच डेटा पुन्हा चाळावा.